उणे अडीच

परब सरांनी मला आयुष्यात एकदाच ‘बरोबर’ म्हटलं, आणि ते म्हणताना त्यांच्या हातात मोरीच्या पाण्याची बादली होती. त्याआधीची बावीस-तेवीस वर्षं ते मला ‘सदतीस’ म्हणत आले. सदतीस हा माझा नववीतला हजेरीपटावरचा नंबर. माझं नाव वैशाली आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे नलूकाकीने, माझ्या बारशाला स्वतःच्या हाताने कुंची शिवली होती. पण सरांच्या मते नाव आईबाप ठेवतात आणि आईबापांना गणित येत नाही. नंबर शाळा देते. त्यामुळे आमच्या गल्लीत बारा हा रिक्षा चालवायचा, चौपन्न ब्यूटी पार्लर चालवायची, आणि सव्वीसने पळून जाऊन लग्न केलं तेव्हा सरांनी फक्त ‘कोणत्या तुकडीतल्याशी?’ एवढंच विचारलं.

आमची गल्ली घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या अंगावर. खाली रस्ता, वर डोंगर, मधे चार-पाच फुटांची वाट आणि दोन्ही बाजूंनी दारं. सरांचं घर साधारण मधोमध, आमचं त्यांच्या खाली. सर डोंगराच्या पायथ्याच्या मराठी शाळेत नववी-दहावीला भूमिती शिकवायचे. म्हणजे शाळेत सर, गल्लीत सर, नळावर सर. सुटका म्हणून नव्हती.

अंगाने काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात पेनऐवजी खडू. निवृत्त झाले तरी खडू गेला नाही. काकीने किती शर्ट खडूसकट धुतले असतील देव जाणे. हातात बारा महिने छत्री. ती पावसासाठी नव्हती, दाखवण्यासाठी होती. बोलणं संपलं की छत्रीचं टोक जमिनीवर आपटायचं, म्हणजे विषय संपला. समोरच्याला अजून काही बोलायचं असेल तर तो त्याचा प्रश्न.

आणि त्यांचं ते एक वाक्य. ‘दोन बिंदू दे, तिसरा मी सांगतो.’ कोणीही काहीही सांगायला गेलं की हे ठरलेलं. मुलगा अभ्यास करत नाही? दोन बिंदू दे. सासू छळते? कधीपासून, किती, दोन बिंदू दे. त्यांच्या हिशोबाने जगातली प्रत्येक गोष्ट सरळ रेषेत चालली होती, फक्त आम्ही बावळट मधे मधे उभे होतो.

शिकवायचे मात्र कडक. म्हणजे दोन्ही अर्थांनी घ्या. रेषेचा चढ शिकवायचा तर फळ्यावर नाही, शाळेच्या जिन्यात. आम्हाला जिन्यावर उभं करायचे आणि विचारायचे, ‘चार पावलं पुढे गेलीस, दोन पावलं वर गेलीस. आता अजून चार पावलं पुढे गेलीस तर किती वर?’ उत्तर दिलं तर एक पायरी वर, चुकलं तर खाली. मी बहुतेक वेळा तळमजल्यावर असायचे, पाण्याच्या टाकीजवळ.

त्यातलं ते k चं गणित तर माझ्या स्वप्नात यायचं. ‘A चे निर्देशक दोन, तीन. B चे सहा, k. चढ एक छेद दोन. k काढा.’ सर म्हणायचे, दोनाचे सहा झाले, म्हणजे चार पुढे. चाराला दोन वर. तीनात दोन मिळवले, पाच. झालं. ‘k हरवलेला नाही. k रेषेवरच उभा आहे. तुम्हाला दिसत नाही हा तुमचा दोष.’ मला तो तेव्हाही दिसला नाही आणि बोर्डाच्या पेपरातही दिसला नाही. गणितात एक्केचाळीस पडले. पेढे द्यायला गेले तर सरांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि विचारलं, ‘त्यातला k किती आला?’

आता एक मान्य करायला हवं. त्यांच्या हाताखालून गेलेली अर्धी गल्ली आजही चढ विसरलेली नाही. सुतार असो की टाइल्स लावणारा, काम करताना पुटपुटतोच, ‘एवढं पुढे, एवढं वर.’ पण माणसाला एखादी गोष्ट फार चांगली येत असली की तो ती नको तिथे वापरतो. सरांनी ती माझ्या आईवर वापरली.

मी स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये काउंटरला बसते, रक्त-लघवीचे रिपोर्ट देते. एका वर्षी आईची साखर जानेवारीत दोनशे दहा आली, मार्चमध्ये एकशे नव्वद. रिपोर्ट घरी ठेवला होता, सर पेपर मागायला आले आणि त्यांनी तो वाचला. खडू निघाला. दोन महिन्यांत वीस कमी, महिन्याला दहा. ‘वहिनी, दिवाळीला एकशे दहा. काळजी करू नका, रेष सरळ आहे.’ आईचा माझ्यावर, डॉक्टरवर, गोळीवर विश्वास नाही, पण सरांवर आहे. तिने गणपतीपर्यंत गोळ्या घेतल्या आणि मग विचार केला, साखर आपली आपण उतरतेच आहे तर कशाला. दिवाळीत करंज्या खाल्ल्या. रिपोर्ट आला तीनशे बारा. माझं डोकंच फिरलं. मी तो कागद नेऊन सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि म्हणाले की वहिनींनी मधेच रेष सोडली. सॉरी नाही, अरेरे नाही. छत्री आपटली.

त्यानंतर पंधरा दिवस नलूकाकी रोज सकाळी आमच्याकडे यायची. आईच्या हातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि आई गिळेपर्यंत समोर उभी राहायची. नवऱ्याच्या रेषा पुसायचं काम काकीकडे असायचं. ती ते न बोलता करायची, आणि सर म्हणायचे, आमच्या हिला गणितात गती नाही.

आता काकीच्या मोरीचं सांगते, कारण सगळं शेवटी त्या मोरीशी येऊन थांबतं.

निवडणूक जवळ आली की आमच्या गल्लीवर कोबा चढतो. जुना कोबा कोणी फोडत नाही, त्याच्यावरच नवा ओततात, वर लाद्या बसवतात, आणि ज्यांच्या कृपेने झालं त्यांच्या नावाची पाटी लावतात. दर वेळी गल्ली पाच इंच वर जाते. मग गल्लीतली माणसंही आपापल्या घरात भरणी घालतात, लादी वर घेतात, म्हणजे घर गल्लीच्या बरोबरीला राहतं. छत डोक्याला टेकायला लागलं की पत्रे वर घेतात. आमच्याकडे घरं अशीच वाढतात.

सरांनी भरणी घातली नाही. एकदाही नाही. म्हणाले, ‘गल्ली वर जाते म्हणून मी वर जायचं? माझं घर हा आरंभबिंदू आहे. शून्य, शून्य. आरंभबिंदू हलला की सगळ्यांचे निर्देशक बदलतात, माहीत आहे ना?’ आम्हाला माहीत नव्हतं आणि काही फरकही पडत नव्हता. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दर कोब्याला ते फक्त उंबरठ्यावर विटांचा एक थर चढवायचे, वर सिमेंट, आणि त्याला लाल ऑइलपेंट. असे सहा कोबे झाले. उंबरठा गल्लीच्या बरोबरीला, आणि घर अडीच फूट खाली. दारातून आत जायचं तर तीन पायऱ्या उतरायच्या. पाहुणे पहिल्यांदा आले की धडपडायचेच. सर म्हणायचे, सवय नाही त्यांना.

पहिल्या कोब्यालाच मोरीच्या भिंतीतलं भोक बुजलं. त्याआधी मोरीचं पाणी आपलं आपण बाहेरच्या गटारात जायचं. आता घर खाली, गटार वर, पाणी जाणार कुठे? तेव्हा काकीने मोरीत एक पिंप पुरून घेतलं. भांड्यांचं, कपड्यांचं, आंघोळीचं पाणी त्या पिंपात. पिंपातून बादलीत, बादली घेऊन तीन पायऱ्या वर, उंबरठा ओलांडून गटारात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. बत्तीस वर्षं. तिचे गुडघे त्याच पायऱ्यांवर गेले. काकीने संसारात नवऱ्याकडे सोनं मागितलं नाही, गावाला घर मागितलं नाही. एवढंच मागितलं, की मोरीचं पाणी आपलं आपण जाऊ दे. सर म्हणायचे, बघू.

आणि मग एकदाचा निधी आला. उघडं गटार बुजवून जमिनीखालून पाइप टाकायचं ठरलं. वरच्या गल्लीच्या तोंडाशी एक चेंबर होतं, खाली रस्त्याला मोठं चेंबर, त्या दोघांना जोडायचं. कामाला रफीक मिस्त्री आला. त्याने बिचाऱ्याने जन्मभर असल्याच डोंगरांवर लाइनी टाकल्या होत्या. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरायची, दोन्ही टोकांना पाणी कुठे थांबतं ते बघायचं, आणि कामाला लागायचं. पण त्याच्या आधी सर बाहेर आले. वही घेऊन.

काकी दारात उभी राहून सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी इतकी आशा कधी बघितली नव्हती. नवऱ्याचं गणित पहिल्यांदाच तिच्या उपयोगाला येणार होतं.

सरांनी गायकवाडांच्या भिंतीवर खडूने आकृती काढली. हे गायकवाड म्हणजे आमच्या वरच्या घरातले, मिशीवाले, रागीट, मनाने बरे. वरच्या चेंबरपासून खालच्या चेंबरपर्यंत दोनशे फूट अंतर, वीस फूट उतार. म्हणजे दर दहा फुटांना एक फूट. हा चढ. आता आरंभबिंदू कुठे, तर अर्थातच सरांचा लाल उंबरठा. तिथून वर जे राहतात ते सगळे अधिक, खाली राहतात ते सगळे उणे. गायकवाड उणे तीस, आम्ही उणे पन्नास. गायकवाड खवळले. म्हणाले, मी का उणे, आणि तुम्ही कोण शून्य लागून गेलात? सरांनी त्यांना शांतपणे समजावलं की उणे असण्यात कमीपणा काही नाही, ती फक्त जागा आहे. ते ज्या सुरात समजावलं त्याने गायकवाड आणखी उणे झाले.

मग सरांनी प्रत्येकाचा k काढला. म्हणजे प्रत्येक दाराशी पाइप लाल उंबरठ्यापेक्षा किती खाली असणार ते. लाल उंबरठ्यापाशी उणे दोन फूट, गायकवाडांपाशी उणे पाच, आमच्यापाशी उणे सात. प्रत्येक घराची मोरी त्याहून वर आहे ना, हे रफीकच्या नळीने तीन तीन वेळा मोजून घेतलं. रफीक म्हणाला, ‘सर, एक बार में हो गया था.’ सर म्हणाले, पडताळा म्हणून काही असतो.

रेष सरळ म्हणजे सरळ. गायकवाडांच्या दारात मुलीच्या लग्नासाठी घातलेली ग्रॅनाइटची पायरी होती, ती रेषेवर आली. रफीक म्हणाला, चार बोटं बाजूने घेतो. सर म्हणाले, नाही. पायरी फुटली. आमच्या दाराशी आईचा धुण्याचा दगड होता, तिच्या सासूने साताऱ्याहून आणलेला, जमिनीत रुतवलेला. तो काढताना दोन तुकडे झाले. आई दोन दिवस जेवली नाही नीट. सर येऊन म्हणाले, ‘वहिनी, एका दगडासाठी रेष वाकवता येत नाही.’ त्या दिवशी मला त्यांची छत्री त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटली, खरंच सांगते.

पण मी मुद्द्यावर येते. सगळ्यांची घरं मोजून झाली तेव्हा काकी आतून म्हणाली, ‘अहो, आपल्या मोरीचं पण मोजून घ्या की.’

सर कधी मालवणी बोलायचे नाहीत, फक्त कोणी त्यांना आडवं गेलं तर बोलायचे. ‘आपला शून्य आसा गो. शून्य मोजतत काय?’

आणि वहीत परब या नावापुढे त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, शून्य, शून्य. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं. आम्ही सगळेच त्यांच्या घरात तीन पायऱ्या उतरून जात होतो. सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, शिकवणीला. मी तर एकदा तिथे पडून ढोपर फोडून घेतलं होतं. पण कोणाच्या डोक्यात आलं नाही. सरांनी शून्य म्हटलं म्हणजे शून्य, एवढं त्यांनी आम्हाला शाळेतच शिकवून ठेवलं होतं.

पाइप पडला, वर कोबा झाला, लाद्या बसल्या, पाटी लागली. एका रविवारी सकाळी घराघराच्या मोऱ्या पाइपला जोडल्या. सरांनी आपलं घर शेवटी ठेवलं. काकीने हिरवी साडी नेसली होती. भिंतीत पाडलेल्या नव्या भोकाला तिने हळदकुंकू लावलं, आम्हा बायकांना साखर वाटली, आणि तांब्या घेऊन मोरीत उभी राहिली. गल्ली दारात गोळा झाली होती. सर उंबरठ्यावर, छत्रीवर दोन्ही हात ठेवून.

काकीने तांब्या ओतला. पाणी मोरीत तसंच राहिलं. तिने दुसरा ओतला. ते पण राहिलं. मग भिंतीतून गुडगुड असा आवाज आला, आणि त्या हळदकुंकू लावलेल्या भोकातून आधी साबणाचा फेस आला, मग भाताची शितं, मग कोणाच्या तरी गाळणीतली चहापत्ती. वरच्या गल्लीत कोणी भांडी घासत होतं. त्यांचं सगळं पाणी काकीच्या मोरीत उतरत होतं.

रफीकने आधी पोत्याचा बोळा करून भोकात कोंबला. मग नळी आणली, एक टोक उंबरठ्याला धरलं, एक मोरीत. खाली बसला. वर बघेना.

‘सर, पाइप दो फूट नीचे है. मोरी ढाई फूट.’

मग गायकवाडांनी मागून विचारलं, ‘काय सर, सापडला का k?’ आणि गल्ली हसली. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. बरं वाटलं. आईचा दगड, आईची साखर, माझे एक्केचाळीस, सगळं एकदम वसूल झाल्यासारखं वाटलं. मग काकीकडे लक्ष गेलं. ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती, हिरव्या साडीचा काठ त्या पाण्यात भिजत होता, आणि ती दुसऱ्यांची शितं बघत होती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला माझीच लाज वाटली.

उपाय होता. रफीकने लगेच सांगितला. सरांच्या दारापासून खालपर्यंतची लाइन पुन्हा उघडायची, सरांपाशी एक फूट खाली न्यायची, खालच्या भागाला उतार जरा कमी मिळेल पण पाणी वाहील. म्हणजे नव्या लाद्या फोडायच्या, गायकवाडांची नुकती दुरुस्त केलेली पायरी पुन्हा फोडायची. सगळ्यांनी गायकवाडांकडे बघितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, फोडा, काकीसाठी फोडा. गायकवाड असे आहेत.

सरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मी कधी इतका रिकामा बघितला नव्हता. पण तोंड उघडलं ते नेहमीच्याच परब सरांनी. ‘रेष बरोबर आहे. बिंदू चुकला. चुकलेल्या बिंदूसाठी रेष हलवत नाहीत.’

छत्री आपटायला त्यांनी उचललीही होती. तेवढ्यात काकी उठली. पिंपात बुडवून बादली भरली आणि तिने ती तीन पायऱ्या चढून सरांच्या पायांशी आणून ठेवली. आवाज चढवला नाही.

‘रेष तुमची ना? मग बादली पण तुमचीच.’

एवढं बोलून ती आमच्याकडे चहा प्यायला आली. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात ती त्या दिवशी पहिल्यांदा हातातलं काम टाकून चहा प्यायला गेली असेल. सरांनी त्या बादलीकडे बघितलं. मग छत्री दाराला टांगली आणि बादली उचलली. गटार आता बुजलं होतं, म्हणून त्यांनी दारासमोरच्या चेंबरचं झाकण सरकवलं आणि त्यात पाणी ओतलं. निम्मं चपलांवर सांडलं.

मला वाटलं, आठ दिवस. सगळ्यांनाच तसं वाटलं. गायकवाड तर रोज दात घासत दारात उभे राहून बघायचे. सर बहात्तर वर्षांचे, हातात कधी खडूपेक्षा जड काही धरलेलं नाही. पण सकाळी दोन, संध्याकाळी दोन, माणूस काढायचाच. पहिल्या महिन्यात पाठ धरली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी बादली कोणत्या हातात धरली की कमी सांडतं ते शोधून काढलं आणि आम्हाला सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

तीनेक महिन्यांनी मी बघितलं तर सर रफीकला घेऊन आले होते. रफीकच्या पाटीत विटा होत्या. रफीक म्हणाला, मोरीच एक फूट उंच करून देतो, एका दिवसाचं काम आहे, पाइपला पाणी आपोआप जाईल. खरं तर हे त्याने त्याच दिवशी सुचवायला हवं होतं, पण त्या दिवशी तो सरांना घाबरला होता. सरांनी स्वतः जाऊन त्याला आणलं होतं. आरंभबिंदू हलवायला माणूस तयार झाला होता, एक फूट का होईना.

काकी पाट घेऊन उंबरठ्यावर बसली होती, तांदूळ निवडत. तिने रफीकला आत सोडलं नाही. म्हणाली, मोरी माझी आहे, ती आहे तशी राहील. रफीकने सरांकडे बघितलं. सरांनी विटांकडे बघितलं. मग रफीक पाटी डोक्यावर घेऊन गेला आणि जाताना माझ्याकडे बघून हसला.

मी काकीला नंतर म्हटलं, ‘काकी, सरांचं वय झालंय गं.’

‘माझं काय होत नव्हतं?’ काकी म्हणाली, आणि सुपातला एक खडा बाजूला काढला. बत्तीस वर्षांत सकाळच्या वेळी ती उंबरठ्यावर बसलेली मला आठवत नव्हती.

त्यानंतर मी मुलुंडला राहायला गेले. आई गल्लीतच आहे, तिच्याकडे रविवारी जाते. मधल्या काळात सरांचं बोलणं कमी झालं होतं. ‘दोन बिंदू दे’ ऐकू येईना. चौपन्न नंबरच्या पार्लरवालीने एकदा मुद्दाम त्यांना विचारलं की सर, माझ्या भिशीला अजून किती बायका येतील, तर म्हणाले, मला काय माहीत. तिला वाईट वाटलं म्हणे.

शेवटचं बघितलं ते असंच एका रविवारी सकाळी. मी डबा घेऊन वर चढत होते. काकी उंबरठ्यावर, त्याच्या लाल रंगावर पाय पसरून, गुडघे उन्हात. हातात चहा. सर पायऱ्या चढून बादली घेऊन बाहेर येत होते. दर पायरीला थांबत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘सर, पुरे आता. वर्ष झालं. मोरी उंच करून घ्या ना, मी बोलते काकीशी.’

सरांनी बादली खाली ठेवली नाही. डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने खिशातून खडू काढला. अजून होता. वाकले आणि चेंबरच्या झाकणाशेजारी लादीवर दोन अक्ष काढले.

‘सदतीस, बघ. x वर माझं वय. y वर बादल्या. बहात्तराव्या वर्षी शून्य. आता त्र्याहत्तर, चौदाशे साठ झाल्या. चढ किती?’

‘चौदाशे साठ,’ मी म्हटलं. तेवढं मलाही येतं.

‘तिच्या बत्तीस वर्षांच्या सेहेचाळीस हजार सातशे वीस.’ त्यांनी रेषेच्या पार वरच्या टोकाला एक टिंब दिलं, काकीच्या पायाजवळ. ‘y तेवढा होईल तेव्हा x काढ.’

मी डबा खाली ठेवला. सेहेचाळीस हजार सातशे वीस भागिले चौदाशे साठ. सोपं होतं, रोज चारच बादल्या तिच्याही आणि चारच यांच्याही. बत्तीस. बहात्तर अधिक बत्तीस.

‘एकशे चार,’ मी म्हटलं.

‘बरोबर,’ सर म्हणाले.

या माणसाने जन्मात कोणाला सॉरी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याला एवढंच जमत होतं, आणि ते त्याने खडूने लादीवर लिहून दाखवलं होतं, बायकोसमोर. मी काकीकडे बघितलं. वाटलं, आता तरी ती म्हणेल, राहू दे हो.

काकीने मान वळवून लादीवरचं ते टिंब नीट बघितलं. चहाचा शेवटचा घोट घेतला, कप बाजूला ठेवला.

‘मग वेळ आहे अजून,’ ती म्हणाली. ‘दुसरी भरून ठेवलीय आत. आणा.’

सरांनी पहिली बादली चेंबरमध्ये ओतली, एक थेंब सांडला नाही, आणि कठड्याला धरून ते तीन पायऱ्या खाली उतरले.